हुतात्म्यांच्या नावाचे मैदान
(प्रस्तावना)

लढ्यात प्राण गेलेल्या माणसांची आठवण ठेवण्याच्या दोन रीती आपल्या ओळखीच्या आहेत. एक म्हणजे चौथरा, स्तंभ किंवा पुतळा उभारून वर्षातून एकदा तिथे फुले वाहणे. दुसरी म्हणजे लोकांच्या रोजच्या उपयोगाची वास्तू बांधून ती मृतांच्या नावे अर्पण करणे: सभागृह, वाचनालय, नाट्यगृह, तालीम, खेळाचे मैदान. पुढील पानांचा विषय ही दुसरी रीत आहे, आणि त्यातही लोकांनी वर्गणी आणि श्रमदान करून उभी केलेली क्रीडांगणे आणि सभागृहे. ती पनवेल-उरणच्या वाचकापुढे मांडताना मला एक मुद्दा सिद्ध करायचा आहे. स्मारक किती टिकेल हे दगडाच्या जातीवर किंवा खर्चाच्या आकड्यावर ठरत नाही. गावाने ते स्वतःच्या पैशाने आणि कष्टाने उभे केले का, रोजच्या जगण्यात त्याला काही काम आहे का, आणि मृतांची नावे मोठ्याने सांगण्याची तिथे ठरलेली सोय आहे का, या तीन गोष्टींवर ते ठरते. तिन्हींपैकी एकही सुटली तर स्मारकाची वास्तू उरते आणि स्मरण जाते.

ही रीत जगात मोठ्या प्रमाणावर रुजली ती पहिल्या महायुद्धानंतर. १९२३ साली लॉस एंजेलिसचे मेमोरियल कोलोझियम खुले झाले. पुढे १९३२ आणि १९८४ अशी दोन ऑलिंपिक त्या मैदानाने पाहिली. त्याच सुमारास इलिनॉय विद्यापीठाचे मेमोरियल स्टेडियम आजी-माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून उभे राहिले आणि युद्धात गेलेल्यांची नावे त्याच्या स्तंभांवर कोरली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूझीलंडच्या सरकारने तर धोरणच ठरवले: युद्धस्मारक म्हणून गावाने सामुदायिक सभागृह बांधायला जेवढे पौंड जमवावेत, तेवढेच सरकारने घालावेत. कॅनडाच्या लहान लहान गावांत आइस हॉकीची बंदिस्त मैदाने ‘मेमोरियल अरीना’ या नावाने उभी राहिली. जिथे हिवाळ्याचे कित्येक महिने सारे काही बर्फाखाली जाते, तिथे गावाने एकत्र येण्याची जागा मृतांच्या नावे करावी, यामागे सरळ हिशेब होता. गेलेली मुले याच गावात खेळली होती. ती ज्यासाठी गेली असे आपण म्हणतो, ते सामुदायिक जगणे चालू राहिले तरच त्यांच्या जाण्याला अर्थ आहे.

आपल्याकडे पहिल्या महायुद्धाची आठवण वेगळ्या वाटेने आली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून सैन्यात गेलेल्यांपैकी ४६ जण पहिल्या महायुद्धात मरण पावले, आणि ब्रिटिश सरकारने तिथे त्याची नोंद करणारा दगड बसवला. असे दगड पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कोकणातल्या अनेक गावांत आहेत. त्यांचा मजकूर जवळपास ठरलेला असतो: या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. त्यात आकडा असतो, नावे बहुधा नसतात. राज्यकर्त्याला आपल्या सैन्यभरतीचा हिशेब ठेवायचा होता, तो त्याने ठेवला. अपशिंग्याने मात्र तो दगड आपला केला. घरटी सैनिक देण्याची परंपरा गावाने चालू ठेवली, ‘अपशिंगे मिलिटरी’ हीच गावाची ओळख केली आणि सरकारी दगडाला लोकांचा आशय दिला. मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये त्याच युद्धात समुद्रात नाहीशा झालेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. ज्यांना थडगे मिळाले नाही त्यांची आठवण जिवंत खलाशांच्या निवाऱ्यात ठेवली गेली, आणि बोटीवर जाणारा-येणारा माणूस तिथे कामासाठी येत राहिला. स्मारक आणि उपयोग यांची सांगड आपल्याकडे अपरिचित नाही, हे यावरून दिसते.

पनवेल आणि उरण या दोन तालुक्यांकडे वळताना पहिला आक्षेप येतो तो असा की, इथे युद्ध झाले कुठे? उत्तर द्यायला फार लांब जावे लागत नाही. मुंबई-गोवा महामार्गावरचे शिरढोण हे पनवेल तालुक्यातले गाव वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी इथे जन्मलेला हा माणूस इंग्रज सत्तेविरुद्ध सशस्त्र बंड करून १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात मरण पावला. त्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी, २५ सप्टेंबर १९३० रोजी, उरण तालुक्यातल्या चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर आगरी, कोळी, कातकरी, कुणबी अशा सगळ्या जातीजमातींचे लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन जंगल सत्याग्रहाला गेले. ज्या रानातून पिढ्यान्‌पिढ्या सरपण आणले, त्यावर वनकायद्याने बसवलेली बंदी त्यांना मोडायची होती. पोलिसांनी गोळीबार केला. चिरनेर, कोप्रोली, खोपटे, पाणदिवे, दिघोडे, मोठी जुई, धाकटी जुई अशा आसपासच्या गावांतले आठ जण हुतात्मा झाले. मामलेदार जोशीही त्या दिवशी मारले गेले. धाकू गवत्या फोफेरकर, नवश्या महादेव कातकरी, रामा बामा कोळी, आनंदा माया पाटील, परशुराम रामा पाटील, हसुराम बुधाजी पाटील, आलू बेमट्या म्हात्रे, रघुनाथ मोरेश्वर न्हावी ही ती आठ नावे. आठही नावे इथे लिहिण्याचे कारण पुढे स्पष्ट होईल.

दुसरा लढा स्वतंत्र भारतातला आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहू लागली. मिठागरे आणि भातशेती गेलेल्या शेतकऱ्यांचा जो लढा दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झाला, त्यात १६ जानेवारी १९८४ रोजी जासईजवळच्या दास्तान फाट्यावर चिर्ल्याचे नामदेव शंकर घरत आणि धुतूमचे रघुनाथ अर्जुन ठाकूर पोलिसांच्या गोळीबारात पडले. दुसऱ्या दिवशी पागोट्याचे महादेव हिरा पाटील, केशव महादेव पाटील आणि कमळाकर कृष्ण तांडेल यांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे जे तत्त्व पुढे राज्यभरातल्या भूसंपादनाच्या चर्चेत आले, त्यामागे हे पाच मृत्यू आहेत. कोणी म्हणेल, सीमेवर लढताना आलेले मरण आणि आंदोलनात आलेले मरण एकाच मापाने कसे मोजायचे? मोजू नयेच. सैनिकाची शपथ वेगळी, सत्याग्रह्याचा निश्चय वेगळा. पण स्मारकाचा प्रश्न मापाचा नाही, ऋणाचा आहे. ज्या माणसांच्या जाण्यामुळे मागे राहिलेल्यांना काही मिळाले, त्यांचे ऋण मागे राहिलेल्यांवर असते. त्या अर्थाने चिरनेर आणि जासई ही या भूमीची रणांगणे आहेत, आणि या प्रदेशाच्या युद्धस्मारकांचा विचार तिथूनच सुरू व्हायला हवा.

आता मुख्य पुराव्याकडे येऊ. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना महाराष्ट्र सरकारने स्वातंत्र्यलढ्यातल्या हुतात्म्यांची स्मारके राज्यभर बांधण्याचा निर्णय घेतला. त्यातून जवळजवळ एकाच धर्तीची दोनशेहून अधिक स्मारके उभी राहिली. हेतू उदात्त होता. स्वतंत्र देशाच्या सरकारने आपल्या हुतात्म्यांच्या गावापर्यंत जाऊन वास्तू बांधावी ही साधी गोष्ट नव्हे. तरी त्यांतल्या अनेक स्मारकांच्या दुरवस्थेच्या बातम्या गेली कित्येक वर्षे येत राहिल्या, दुरुस्तीचे निधी मागितले गेले, मंजूर झाले आणि पुन्हा मागावे लागले. याचा दोष बांधकामाला देऊन भागत नाही. वास्तू होती, आवार होते, पण तिथे रोज काय चालावे हे कोणी ठरवले नव्हते, आणि कुलपाची किल्ली कोणाकडे असावी हेही अनेक ठिकाणी स्पष्ट नव्हते. जिथे शाळेने, वाचनालयाने, तरुण मंडळाने त्या जागेत बस्तान बसवले, तिथे फरशी पुसली जाऊ लागली. जिथे कोणीच आले नाही, तिथे गवत वाढले. गळणाऱ्या छपरासाठी अर्ज करायलाही त्या छपराखाली बसणारा माणूस लागतो.

उलट बाजूने पाहा. सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांच्या आठवणीला सोलापुरात पुतळे आहेतच, पण हुतात्मा स्मृती मंदिर हे नाट्यगृहही आहे. नाटक, गाणे, व्याख्यान यासाठी सोलापूरकर त्या नावाच्या वास्तूत जात राहतात. पनवेलमध्ये आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे. वाळव्याला नागनाथअण्णा नायकवडी यांनी आपला सहकारी किसन अहीर याचे नाव थेट सहकारी साखर कारखान्याला दिले. १९४६ साली पोलिसांशी झालेल्या चकमकीत पडलेल्या तरुणाचे नाव त्यामुळे उसाच्या पावतीवर आणि कामगाराच्या पगारपत्रकावर आले. प्रतिसरकारच्या सैनिकाला याहून समर्पक स्मारक कोणते मिळाले असते, असा प्रश्न मला पडतो. ज्या शेतकरी राज्यासाठी तो लढला, त्याचा एक तुकडाच त्याच्या नावाने चालू झाला.

यावर दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो हुतात्म्यांच्या कुटुंबांकडूनही येऊ शकतो. जिथे आमच्या माणसाचे नाव आहे तिथे शिट्ट्या, आरडाओरडा, ढोलताशे कसे चालतील? पावित्र्याचे काय? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. पण उरण, पनवेल, अलिबाग या पट्ट्यातल्या लोकांनीच त्याचे उत्तर आपल्या वागण्यातून दिले आहे. इथे गावातला कोणी कर्ता माणूस गेला की त्याच्या नावाने ‘स्मृती चषक’ सुरू होतो, आणि तो बहुधा कबड्डीचा किंवा क्रिकेटचा असतो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मंडळाची पोरे माती चाळतात, पाणी शिंपडतात, दाबून सपाट करतात आणि तेरा मीटर बाय दहा मीटरचे पटांगण चुन्याच्या रेषांनी आखतात. मैदानाच्या कडेला टेबलावर त्या माणसाची तसबीर ठेवतात, तिला हार घालतात, घरच्या वडीलधाऱ्यांना पुढच्या रांगेत बसवतात, त्यांच्या हस्ते नारळ वाढवतात, आणि मग पहिली चढाई होते. कोणालाही त्यात अपमान वाटत नाही. पावित्र्य म्हणजे शांतताच असली पाहिजे ही समजूत आपल्या मातीतली नाही. आपल्या जत्रेत देवापुढे कुस्त्यांचा फड लागतो आणि तो देवाचा मान समजला जातो. तेव्हा पावित्र्य राखायचे तर नेम ठरवावेत: नावांच्या फलकापुढे कोणी बसू नये, मद्य चालू नये, जाहिरातीचा फलक नावांच्या फलकाहून वर लागू नये. खेळ बंद करण्याची गरज नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत बळकट वाटतो. उपयोगाची वास्तू उपयोग संपला की पाडली जाते, आणि उपयोग चालू असेपर्यंतही नाव झिजत जाते. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराचे मेमोरियल स्टेडियम नवे मैदान झाल्यावर मागे पडले आणि एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीस पाडले गेले. नाट्यगृहाच्या तिकिटावर पूर्ण नाव छापलेले असते, तरी नाटकाला येणाऱ्या किती जणांना फडके एडनला वारले हे ठाऊक असेल? चषक जिंकणाऱ्या संघाला तसबिरीतल्या माणसाची गोष्ट कोण सांगतो? हा धोका खरा आहे, आणि म्हणूनच नुसता उपयोग पुरेसा नाही, हे मी सुरुवातीलाच म्हटले. त्यावरचा उपाय चिरनेरला बघायला मिळतो. दरवर्षी २५ सप्टेंबरला तिथे हुतात्म्यांना पोलीस दलाची मानवंदना दिली जाते. हवेत बंदुकीच्या फैरी झाडल्या जातात. ज्या गावाने १९३० साली पोलिसांची गोळी झेलली, त्याच गावात आज पोलीस त्या माणसांना सलामी देतात. हुतात्म्यांच्या वारसांना बोलावून त्यांचा सत्कार होतो. हा नेम आहे तोवर नावे पुसली जाणार नाहीत. जासईला १६ जानेवारी पाळला जातो, त्यामागेही हेच आहे. प्रत्येक स्मारक-मैदानाला असा एक दिवस हवा, त्या दिवशी सगळी नावे पूर्ण उच्चारली जायला हवीत, कशामुळे आणि कोणत्या मागणीसाठी ते गेले हे एका शाळकरी मुलाने किंवा मुलीने उभे राहून सांगायला हवे. वर आठ आणि पाच अशी तेरा नावे मी गाळली नाहीत, ती याच कारणाने. ‘आठ हुतात्मे’ एवढेच म्हटले की आपणही त्या ब्रिटिश दगडाची भाषा बोलू लागतो.

चौथा आक्षेप व्यवहाराचा आहे. लोकवर्गणी म्हटली की हिशेब आला, हिशेब आला की भांडण आले, आणि शेवटी स्मारकावर हुतात्म्याच्या नावापेक्षा देणगीदाराचे आणि पुढाऱ्याचे नाव मोठे होते. त्यापेक्षा सरकारनेच बांधावे. या म्हणण्यात अनुभव आहे. तरीही पुण्याचे उदाहरण समोर ठेवावेसे वाटते. घोरपडीजवळ लष्कराच्या दक्षिण मुख्यालयाच्या परिसरात जे राष्ट्रीय युद्धस्मारक आहे, ते नागरिकांच्या देणग्यांतून उभे राहिले आणि १५ ऑगस्ट १९९८ रोजी खुले झाले. स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांत कामी आलेल्या जवानांचे हे स्मारक लहानमोठ्या रकमा देणाऱ्या माणसांनी शक्य केले. पैसा लोकांकडून येतो तेव्हा हिशेब लोकांपुढे ठेवावा लागतो. हा जाच वाटला तरी तोच त्या स्मारकाचा पाया असतो. दहा रुपये दिलेला माणूस पुढच्या वर्षी विचारतो की पत्रे का गळतात. निविदेतून बांधलेल्या वास्तूबद्दल तो असे विचारत नाही, कारण ती त्याची नसते. सरकारने जागा द्यावी, निम्मा खर्च उचलावा, न्यूझीलंडने उचलला तसा. पण उरलेला निम्मा आणि कारभार गावाकडे राहावा. देणगीदारांची यादी वहीत असावी, भिंतीवर फक्त गेलेल्यांची नावे असावीत.

हे सारे पनवेलजवळच्या करंजाड्याच्या वाचकापुढे मांडण्याला खास कारण आहे. करंजाडे हे जुने गाव आता सिडकोच्या वसाहतीने वेढलेले आहे. नवी मुंबई विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे, वाघिवली अशा दहा गावांना उठावे लागले, आणि त्यांतल्या काहींचे पुनर्वसन वडघर-करंजाडे परिसरात झाले. त्याच वसाहतीत घाटावरून, विदर्भातून, मुंबईच्या चाळींतून आणि परप्रांतांतून आलेली हजारो कुटुंबे राहतात. ज्यांची जमीन गेली ते आणि ज्यांनी त्या जमिनीवर घर घेतले ते एकाच सेक्टरमध्ये, एकाच पाण्याच्या टाकीखाली आहेत. ज्या भूखंडावर आपली इमारत उभी आहे त्यामागे जानेवारी १९८४ चे दोन दिवस आहेत, हे नव्या रहिवाशाला कोणी सांगितलेले नसते. आणि नव्या रहिवाशांच्या घरातही लष्करात, नौदलात, निमलष्करी दलांत गेलेली माणसे आहेत, हे जुन्या गावकऱ्याला माहीत नसते. दोघांची मुले मात्र संध्याकाळी एकाच मोकळ्या जागेत खेळतात. दोन प्रकारच्या ऋणांची नावे एका भिंतीवर यावीत आणि ती भिंत मैदानाची असावी, याहून योग्य स्मारक अशा वसाहतीला असू शकत नाही.

तेव्हा पुढील पाने केवळ इतिहास म्हणून वाचू नयेत, एवढी विनंती आहे. आपल्या सेक्टरमधले, आपल्या गावठाणातले कोणते मैदान अजून मोकळे आहे ते पाहावे. त्याची देखभाल कोण करील हे आधी ठरवावे आणि नाव नंतर द्यावे. शिरढोण, चिरनेर आणि जासई इथे मुलांना घेऊन जावे, तिथली नावे उतरवून आणावीत, आपल्या वसाहतीतल्या सैनिक कुटुंबांना विचारून त्यांचीही नावे मिळवावीत. वर्गणी लहान असली तरी चालेल, पण ती घरटी असावी. मैदान सपाट करायला पहिल्या दिवशी जितकी माणसे येतील, तितकीच माणसे ते पुढे सांभाळतील. म्हणून सुरुवातीलाच सर्वांना बोलवावे.